सगळी दारं पूर्वेला

अमरावतीच्या बसस्थानकावर सकाळी सात वाजता मी तीन वेळा बाक बदलला. पहिल्यावर ऊन येत होतं, दुसऱ्यावर शेजारचे काका हळूहळू पाय पसरत होते, आणि तिसऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं, तरी मी उठले. निवृत्त झाल्यापासून माझं हे असंच चाललंय. बत्तीस वर्षं एका उंच स्टुलावर काढली, आता दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. आई असती तर म्हणाली असती, "तुह्या पायाले भिंगरी बांधली काय वं?"

मी आरेखक होते. बांधकामाच्या सरकारी कचेरीत इंजिनिअर ठरवतात, साहेब सही करतात, आणि रेघ ओढतो तो आरेखक. शाळा, दवाखाने, घरकुलं, सगळं मी कागदावर उभं केलं. त्यातलं डोळ्यांनी पाहिलं ते फार थोडं. पाहायला कोण पाठवतो आरेखकाला? गाडी इंजिनिअरला, धूळ मजुराला आणि टेबल आम्हाला.

चार दिवसांपूर्वी शाहीनचा फोन आला होता. शाहीन म्हणजे आमच्या कचेरीतल्या नसीमबींची लेक, अकोटची. नर्स होऊन आता तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, सालईखेड्यात नोकरी करते. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाली, "म्याडम, तुमच्या नकाशाचा दवाखाना बांधून राह्यले इथं. बुधवारी आखणी हाय. त्याच्या आधी एकडाव येऊन पाहा."

"काहून? काय चुकलं नकाशात?"

"फोनवर नाई सांगता येत. पाहाच लागते." मग जरा थांबून, "एक पोरगी हाय, सुगरती. सातवा महिना सरून राह्यला तिचा. मांगचं लेकरू गेलं तिचं. ते दवाखान्यात यायले तयारच नाई. तिच्यासाठी तरी या."

सालईखेडा हे नाव मला पाठ होतं. मेळघाटच्या डोंगरातलं कोरकू आदिवासींचं गाव, वाघांच्या जंगलासाठी खाली मैदानात आणून वसवलेलं. त्या नव्या वसाहतीचा आराखडा माझ्याच टेबलावर तयार झाला होता. चौसष्ट घरं, चार ओळी, मधून रस्ते, कडेला गटार, एका टोकाला पाण्याची टाकी. साहेबांनी पाठ थोपटली होती. मी गाव मात्र कधी पाहिलं नव्हतं.

निघताना एक पंचाईत झाली. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार? समोरच्या फ्लॅटला किल्ली द्यावी म्हणून दारापर्यंत गेले, पाटी वाचली आणि परत फिरले. तीन वर्षं तिथं राहतेय, पण त्या दारातून कोण आत-बाहेर करतं ते मला ठाऊक नव्हतं. कुंड्यांना दुप्पट पाणी घालून मी निघाले.

दर्यापूरमार्गे अकोटची गाडी मिळाली. खिडकीजवळची जागा, मांडीवर पिशवी, वरच्या फळीवर नकाशांची नळकांडी. वलगाव मागे पडलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीचा पसारा सुरू झाला. कपाशीची शेवटची वेचणी संपलेली, नुसत्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उभ्या. कुठे तुरीचे ढीग, कुठे हरभरा घाट्यावर आलेला. दर्यापूरच्या अलीकडे शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर ढाळ्याच्या (हिरव्या हरभऱ्याच्या) दोन डहाळ्या ठेवल्या.

"खा. कुठं चालल्या?"

"तेल्हाऱ्याकडे. सालईखेड्याला."

"कोरकूंच्या गावात? तिथं कोन हाय तुमचं?"

कोण होतं माझं तिथं? मी म्हटलं, "ओळखीची नर्स आहे."

"पानी सोबत घेऊन जाजा," त्या म्हणाल्या. "हा समदा खारपाणपट्टा हाय." खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला तो टापू, जिथं विहिरीचं पाणीसुद्धा खारट लागतं. मी मान डोलावली आणि घाटे सोलत राहिले. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी प्यालेली माणसं आपण या पट्ट्याच्या कडेला आणून ठेवली, हे नकाशावर कळत नाही. तिथं पाणी म्हणजे एक निळी तुटक रेघ असते.

अकोटला माझी फजिती झाली. गाडी थांबते न थांबते तोच मी उतरले, लघवीला गेले, गोल कपातला चहा प्याले, आणि तेल्हाऱ्याच्या गाडीची चौकशी करताना हात रिकामा लागला. नळकांडी फळीवरच राहिली होती! गाडी तर फाटकाच्या दिशेनं निघालेली. साठीला टेकलेली बाई पदर खोचून एसटीमागे धावतेय, हे दृश्य अकोटकरांनी मोठ्या चवीनं पाहिलं. एका रिक्षावाल्यानं आडवी रिक्षा घातली म्हणून गाडी थांबली.

कंडक्टर नळकांडी देत म्हणाला, "काय हाय बाई याच्यात? सोनं हाय का?"

"घरं आहेत," मी धापा टाकत म्हटलं.

"मंग सांभाळा जी. घर असं फळीवर इसरते का कोनी?"

लोक हसले, मीही हसले. पण तेल्हाऱ्याच्या गाडीत बसल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

तेल्हाऱ्यात उभ्या-उभ्या दोन आलुबोंडे खाल्ले. वर लाल तर्री अशी की नाकातून पाणी आलं. तिथून पुढे सहा जणांच्या जीपमध्ये अकरा जण आणि एक शेळी. समोर सातपुडा निळा दिसत होता, आणि गाडी जितकी पुढे जाई तितका तो जवळ यायच्याऐवजी नुसता उंच होत होता. माझ्या शेजारचा म्हातारा सगळा वेळ त्या डोंगराकडेच बघत होता. मी विचारलं, "बाबा, तुमचं गाव?"

त्यानं डोंगराकडे बोट दाखवलं. मग जरा वेळानं, काहीतरी चुकल्यासारखं, तेच बोट खाली रस्त्याकडे वळवलं.

फाट्यावर पाटी होती: सालईखेडा, आणि पुढे कंसात 'पुनर्वसित'. माणसाच्या नावापुढे आजाराचं नाव लिहावं तसं मला ते वाटलं.

दुपारचे दोन वाजले होते. गाव अगदी माझ्या नकाशासारखं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. ओळी सरळ. कोपरे काटकोनात. मी चालत गेले आणि पहिल्या घराचं दार वाजवलं. उघडेना. दुसऱ्या घराच्या दाराला सरपणाचा ढीग टेकवलेला. तिसऱ्या दाराच्या चौकटीत विटा भरून वरून शेणाचा गिलावा दिलेला. ओळभर हिंडले, एक दार धड नाही. घरं ओसाड म्हणावीत तर आतून बोलण्याचे आवाज, भांड्यांचे आवाज, कोंबड्या. मी चक्रावून गेले. परत येऊन चौथ्या घराशी मी जोरात हाक मारली, "कुणी आहे का?"

घराच्या पाठीमागून एक म्हातारी डोकावली. "बाई, उधरसे नही, इधरसे आव. उधर दरवाजा नही है."

"दार इथंच आहे," मी हट्टानं म्हटलं. कारण ते मीच काढलं होतं.

"था," म्हातारी म्हणाली. "अब नही है."

वळसा घालून मागे गेले तर मागच्या भिंतीला भगदाड पाडून बसवलेली सागाची चौकट, तिच्यापुढे सारवलेला ओटा, ओट्यावर सुपातली तूर. आणि ओट्यासमोर, रस्त्यापलीकडे, पुढच्या ओळीतल्या घराचं दार. दार दाराकडे बघत होतं. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. गावानं दर दुसरी ओळ पाठमोरी फिरवली होती. माझ्या नकाशातली स्वयंपाकघरं पुढे आली होती, बैठकीच्या खोल्या मागे गेल्या होत्या, मोरीचं पाणी भलतीकडे निघालं होतं. म्हातारीनं तांब्या पुढे केला. "दा," ती म्हणाली (दा म्हणजे पाणी). पाणी मचूळ होतं. मी सगळं प्याले.

तिचं नाव रामकली बेठेकर. तिच्या ओट्यावर शाहीन मला शोधत आली, पांढरा कोट, पायात स्पोर्ट शूज, कपाळावर घाम. "भेटली का दारं?" तिनं विचारलं. हसत नव्हती.

मग तिनं सांगितलं. वर डोंगरात कोरकूंचं गाव म्हणजे एक रुंद गल्ली आणि दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या रांगा. उरा (घर) कितीही लहान असो, त्याला समोरचं दार असतंच. सकाळी ज्याचं दार आधी उघडतं तो समोरच्याला आवाज देतो. समोरून आवाज आला नाही, तर हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून जायचं. विचारायचं नाही, आत शिरायचं. ताप असो, साप असो, बाळंतपण असो, पहिलं माणूस समोरचंच.

"इथं तुमी समद्या घरांची तोंडं एकाच बाजूला केली," शाहीन म्हणाली. "दारातून पाह्यलं तर समोर दुसऱ्याची मांगची भिंत."

"पूर्वेला केली," मी म्हटलं. "ऊन, उजेड... सगळी दारं पूर्वेला."

बोलताना माझा मलाच राग आला. पूर्वेचं कारण आम्ही नंतर लिहिलं होतं. खरी गोष्ट अशी, की मी घराचा एक पुठ्ठ्याचा साचा कापला होता, आगपेटीएवढा. तो कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, उचलायचा, पुढे ठेवायचा. चौसष्ट वेळा. आराखडा संध्याकाळपर्यंत हवा होता. दुसऱ्या ओळीला साचा हातात नुसता उलटा फिरवायला हवा होता. मी फिरवला नाही. कुणी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही.

आणि मला सुचायला हवं होतं! माझं बालपण नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात गेलं, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. गावातल्या घरांची पाठ आमच्याकडे असे. कुणाचं दार कुणीकडे असावं हे आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. वडील शिकले, बाबासाहेबांच्या वाटेनं निघाले, आम्हाला शिकवलं म्हणून पेन्सिल माझ्या हातात आली. ती आल्यावर मी तेच केलं, दुसऱ्यांना न विचारता.

"आता सुगरतीचं ऐका," शाहीन म्हणाली.

सुगरती कास्देकर तिथंच होती, समोरच्या ओट्यावर. वीस-बावीस वर्षांची, हिरवी साडी, पोटावर हात, मान खाली. शाहीन हळू आवाजात बोलत होती. दोन वर्षांमागं पहिल्या खेपेला सुगरतीला सकाळीच कळा लागल्या, दिवस भरायच्या आधी. नवरा तुरीच्या कामाला गेलेला, सासू बाजाराला. फोन नवऱ्याजवळ. ती रांगत दारापर्यंत आली आणि दारातून हाका मारत राहिली. समोर भिंत होती. नवरा संध्याकाळी आला तेव्हा ती जिवंत होती, बाळ नव्हतं.

"ती भिंत कुणाच्या घराची?" मी विचारलं आणि विचारताना मला उत्तर कळलं.

रामकली तूर निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मेरी," ती म्हणाली. "मै घरमेच थी, बाई. यही दाल कर रही थी. चक्की का आवाज था. भिंत के उधर पोरगी मर रही, और मै दाल कर रही." तिनं सूप खाली ठेवलं. "दूसरे दिन सब्बल लिया और भिंत फोडी. मैने खुद. आदमी लोग बोले, बुढी पागल हो गई, सरकार का घर है. फिर सबने फोडी."

माझ्या नकाशात त्या दोन घरांमधलं अंतर मला पाठ होतं. पंधरा फूट. मी उठले, रस्त्यावर गेले, परत आले. बसवेना. शाहीननं मला तसं फिरू दिलं, मग म्हणाली, "आता नव्या दवाखान्याचं पाहू."

गल्लीच्या तोंडाशी, डांबरी रस्त्याला लागून मोकळी जागा होती. तिथं आरोग्य उपकेंद्र होणार, आणि त्यातच एक खोली 'माहेरघर' म्हणून. लांबच्या वाडीतल्या, अडचणीतल्या गरोदर बायांनी दिवस भरत आले की इथं येऊन राहायचं, नर्स हाताशी, गाडी दारात. योजना चांगली. नकाशा माझा, जुना, मंजूर, पन्नास गावांत वापरलेला. मी नळकांडीतून तो काढून रामकलीच्या ओट्यावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर तुरीच्या मुठी ठेवल्या.

"तपासणीची खोली रस्त्याकडं, ते बरोबर," शाहीननं बोट ठेवलं. "आंबुलन्स तिकडूनच येईन. पन हे माहेरघर पाहा. मांगच्या अंगाला. दार आतल्या बोळीत. गावाकडं काय हाय? एक उंच खिडकी. सुगरतीले म्या समजावून-समजावून थकली, दवाखान्यात चाल, आता तं आपल्या गावातबी होऊन राह्यला. ते एकच विचारते."

"काय?"

शाहीननं सुगरतीकडे पाहिलं. सुगरतीनं पहिल्यांदाच मान वर केली. मराठी चांगली बोलत होती, शाळेतली. "तिथून समोर काय दिसते?" ती म्हणाली.

मी नकाशाकडे पाहिलं. तिथून समोर भिंत दिसत होती. परत एकदा मीच काढलेली.

संध्याकाळी रामकलीनं जेवू घातलं. कुटकीचा (डोंगरात होणारं बारीक धान्य) भात, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. कुटकी वरून पाहुण्यांनी आणलेली. इथं पिकत नाही. भात मोकळा, जरासा तुरट, आणि भूक अशी की मी दुसऱ्यांदा मागून घेतला. गल्लीत दोन्ही अंगांना ओट्यांवर माणसं बसली होती आणि रस्ता ओलांडून बोलणं चाललं होतं. मला एक शब्द कळत नव्हता. इतकं मात्र कळत होतं की इथं कुणाला मोठ्यानं बोलावं लागत नाही.

सकाळी नऊला शाखा अभियंता इंगोले आले. चाळिशीचे, मोटारसायकलवर, मागे फक्कीचं (आखणीच्या पांढऱ्या भुकटीचं) पोतं. मजुरांनी खुंट्या ठोकायला घेतल्या तशी मी पुढे झाले आणि नाव सांगितलं. त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "हे आद्याक्षर तुमचं? मी तर नोकरीला लागल्यापासून तुमचेच नकाशे वापरून राह्यलो, म्याडम!"

"तेच तर सांगायला आले. हा चुकलाय."

त्यांचा चेहरा पडला. आखणीच्या दिवशी असं वाक्य कोणत्याच इंजिनिअरला ऐकायचं नसतं. मी घाईघाईत सांगितलं: माहेरघराच्या खिडकीच्या जागी दार करा, गल्लीकडे उघडणारं, आणि बाहेर बसायला ओटा.

"मंजूर नकाशात बदल मले नाई करता येत जी. वरून इचारतीन."

"खिडकीवर भार घेणारं लिंटल आहेच. तेच दारावर चालेल. खिडकीखालची वीट तेवढी कमी लागेल. ओटा गावकरी घालतील, त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो."

इंगोल्यांनी हिशेब मनात घातला. हसू दाबत म्हणाले, "वीटच वाचून राह्यली म्हना की. पन काहून? कारण काय लिहू?"

मी त्यांना रामकलीच्या घराकडे नेलं, भिंतीतलं दार दाखवलं, आणि ते का पाडावं लागलं ते सांगितलं. सुगरतीच्या देखत नाही सांगितलं. इंगोल्यांनी चौकटीवरून हात फिरवला. परत आल्यावर त्यांनी साइटची वही काढली. "साहेबांनी इचारलं तर?"

"लिहा, मूळ आरेखकाची चूक. खाली मी सही करते."

"निवृत्त माणसाच्या सहीले किंमत नसते, म्याडम."

"माहीत आहे. माझ्यासाठी करते."

त्यांनी वही पुढे केली. बत्तीस वर्षांत मी हजारो वेळा ते आद्याक्षर टाकलं असेल. या खेपेला पूर्ण नाव लिहिलं.

मग फक्की पडायला लागली. काळ्या मातीवर पांढऱ्या रेघा, खोल्या, बोळ, आणि मागच्या रेघेत तीन फुटांची मोकळी जागा, दाराची. गाव जमलं होतं. शाहीननं सुगरतीला हाताला धरून आणलं. "ये, पाहा तुहं दार."

सुगरती त्या फटीत उभी राहिली. गल्लीकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिनं मान हलवली. "नाई दिसत."

"काय नाही दिसत?" मी पुढे झाले.

"रामकली माय."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. गल्ली दिसत होती, ओटे दिसत होते, आणि नेमकं मध्ये टाकीचा सिमेंटचा जाड खांब. त्यामागे रामकली आपल्या ओट्यावर बसली असेल, पण दिसत नव्हती. ती टाकीही माझ्याच आराखड्यातली, हे मी कुणाला सांगितलं नाही.

सुगरती बाजूला सरकू लागली. अनवाणी, पोट सांभाळत, एकेक पाऊल. पांढरी रेघ तिच्या टाचेनं पुसली गेली. सातव्या पावलाला ती थांबली आणि कोरकूत एक हाक मारली, फार मोठी नाही. पलीकडून म्हाताऱ्या आवाजात हाक परत आली.

"इथं," ती म्हणाली.

इंगोले टेप घेऊन उकिडवे बसले. "अख्खी बिल्डिंगच सरकवा लागते," ते पुटपुटले. हद्दीपर्यंतची जागा मोजली, परत मोजली. "बसते. पुसा रे समदं. नव्यानं मारा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण शाहीन खूश नव्हती. ती सुगरतीला म्हणाली, "बिल्डिंगले साल लागीन, बाई. तुहे दोन महिने राह्यले. तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात जाच लागते. तिथं कोनतं दार सरकवू मी?"

सुगरतीचा चेहरा पुन्हा मिटला. खरंच की. आम्ही सगळे एका रेघेवर इतके खूश झालो होतो की जिच्यासाठी ती ओढली, तिचं बाळ ती भिंत उभी राहायच्या आधीच येणार होतं, हे विसरलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रामकली काठी टेकत येताना दिसली. तिनं काय चाललंय ते शाहीनला विचारलं नाही. सुगरतीसमोर उभी राहिली, दोघींमध्ये हातभर अंतर. "मै चलूंगी," ती म्हणाली. "उधर भी सामने बैठूंगी."

सुगरतीनं रामकलीच्या पदराला लागलेली फक्की झटकली.

परतीच्या गाडीत मी नळकांडी मांडीवरच ठेवली. दर्यापूरपर्यंत ऊन डोळ्यांवर होतं, जागा बदलायचं मनात आलं, बदलली नाही. पुठ्ठ्याचा तो जुना साचा नकाशांच्या तळाशी सापडला होता. तो हातात घेऊन मी उलटा-सुलटा फिरवत राहिले. शेजारचा माणूस विचित्र नजरेनं पाहत होता. त्याला काय सांगणार? अमरावतीला पोहोचल्यावर कुंड्या पाहिल्या, माना टाकलेल्या. मग समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी साखळी लावूनच दार उघडलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं?" काही झालं नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांनी साखळी काढली.

चैत्र संपत आला होता तेव्हा शाहीनचा फोन आला. या वेळीही नमस्कार नाही. "पोरगी झाली! दोघीबी मस्त हायेत."

"सुगरती गेली दवाखान्यात?"

"आठ दिवस आधीच गेली. बुढी संग होती ना. समोरच्या खाटेखाली सतरंजी टाकून बसली, हालली नाई. भरतीच्या कागदावर बाई इचारे, सोबत कोन? सासू? आई? मावशी? बुढी सगळ्याले नाई म्हने. मंग ते बाई चिडली, नातं लिहाच लागते म्हने, नाई तं थांबता येत नाई."

"मग काय लिहिलं?"

"बुढीनं सांगतलं तेच लिहिलं," शाहीन म्हणाली. "समोरची."

फोन ठेवला आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, एकाच जागी.